मोहंडच्या रावात शिवालिकच्या वळ्या कशा वाचाव्यात

सह्याद्रीतले लाव्हाचे आडवे थर पाहत वाढलेल्या नजरेला हिमालयाच्या पायथ्याचे कललेले थर सुरुवातीला गोंधळात टाकतात. पर्वताच्या भाराने त्याच्यापुढची जमीन खचते, त्या खोलगट भागात पर्वताचीच झीज गाळ होऊन साचते, आणि पर्वत पुढे सरकू लागला की तोच गाळ दुमडला जातो; या दुमडीलाच वळी म्हणतात. शिवालिकचा, म्हणजे हिमालयाच्या दक्षिण पायथ्याच्या डोंगररांगेचा, गाळ सुमारे १.८ कोटी वर्षांपूर्वीपासून अगदी काही लाख वर्षांपूर्वीपर्यंत असा साचत गेला. तो वाचायला शिकण्यासाठी सहारनपूर–डेहराडून रस्त्यावरचे मोहंड ही जागा मला सर्वांत सोयीची वाटते. तिथल्या कोरड्या पात्रांना ‘राव’ म्हणतात. पावसाळ्यात ती अचानक भरतात, म्हणून हिवाळ्यात जावे आणि जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये.

प्रथम थर सुलटा आहे की उलटा, ते ठरवावे. वालुकाश्मातल्या तिरप्या रेघा ज्या बाजूला कापल्यासारख्या थांबतात ती थराची वरची बाजू असते आणि जिकडे त्या निमुळत्या होत टेकतात ती खालची. मग कंपासने प्रत्येक थराच्या कलाची दिशा आणि अंश नोंदवत उत्तरेकडे चालावे. येथे थर ईशान्येच्या बाजूला कललेले असल्याने आपण जुन्याकडून नव्याकडे, म्हणजे मध्य शिवालिकच्या वालुकाश्माकडून वरच्या शिवालिकच्या पिंडाश्माकडे (गोटे चिकटून झालेल्या खडकाकडे) जातो. दूनच्या खोऱ्याकडे, म्हणजे डेहराडून ज्यात वसले आहे त्या खोऱ्याकडे, कल कमी होत गेला, तर आपण कमानदार वळीच्या उत्तरेकडच्या बाजूवर आहोत. तिची दक्षिणेकडची बाजू हिमालयन फ्रंटल थ्रस्टपाशी, म्हणजे हिमालय ज्या भेगेवरून मैदानावर सरकतो तिथे, तुटलेली आहे.

पिंडाश्मापाशी मात्र घाई करू नये. एका चौकटीतले शंभर गोटे मोजून त्यांचे प्रकार लिहावेत. पर्वत वरून खाली सोलला जातो, त्यामुळे त्याचे वरचे खडक गाळात तळाशी आणि खोलातले खडक वरच्या थरांत सापडतात. शिवालिकच्या वालुकाश्मात खालून वर गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट ही खोलातल्या उष्णतेत तयार होणारी खनिजे क्रमाने दिसू लागतात, ते याच कारणाने. चपटे गोटे एकमेकांवर रेलून प्रवाहाच्या वरच्या दिशेला कललेले असतात. थराचा कल वजा करून, म्हणजे थर पुन्हा आडवा आहे असे धरून, ही दिशा पाहिली, की जुनी नदी कुठून येत होती ते कळते. केवळ गोटे मोठे झाले म्हणून पर्वत उचलला गेला, असे मात्र म्हणू नये. हवामान बदलले तरी नदी मोठे दगड आणते.

शेवटी काळ ठरवावा. वळी पडली ती दुमडलेल्या सर्वांत नव्या थरानंतर, आणि तिच्यावर न दुमडता पसरलेल्या सर्वांत जुन्या थरापूर्वी. दूनच्या उत्तरेला तीव्र कललेल्या शिवालिकवर दूनच्या खोऱ्यात नंतर साचलेली खडी कोन करून बसलेली दिसते, तिथे हा नियम डोळ्यांनी पडताळता येतो. थर वरवर जाताना हळूहळू आडवे होत आणि कमानीच्या माथ्याकडे पातळ होत असतील, तर गाळ साचत असतानाच वळी वाढत होती असे समजावे. परतताना डोंगराच्या दक्षिण कडेला रावाच्या दोन्ही तीरांवर पाहावे: नदीनेच पसरलेल्या खडीचे सपाट टप्पे आजच्या पात्राच्या बरेच वर उभे आहेत, कारण वळी अजूनही उचलली जात आहे.