सॉक सेव्हनचा पुरावा हातून जाऊ नये म्हणून: मेनफ्रेमवर डम्प कसा घ्यावा

मेनफ्रेमवरचा जॉब सॉक सेव्हनसारख्या चुकीने पडला की पहिली घाई असते तो पुन्हा चालू करण्याची. व्याजाचं गणित पूर्ण व्हायचं असतं, सकाळी शाखा उघडायच्या आत फायली तयार हव्या असतात. कोणीतरी वाईट रेकॉर्ड बाजूला काढतं, जॉब रीस्टार्ट होतो, रात्र निभावते. काही दिवसांनी तोच प्रोग्राम त्याच जागी पुन्हा पडतो आणि मागच्या वेळचा डम्प कुठे आहे याची विचारणा होते. तो नसतोच, कारण जेसीएलमध्ये (जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या ओळींत) डम्पसाठी जागा सांगितलेली नव्हती. पंचनामा व्हायच्या आत जागा धुऊन टाकावी, तसा हा प्रकार.

प्रोग्राम पडला त्या क्षणी त्याच्या मेमरीची, रजिस्टर्सची आणि पीएसडब्ल्यूची (प्रोसेसर कोणत्या इन्स्ट्रक्शनपाशी होता त्या नोंदीची) घेतलेली नक्कल म्हणजे डम्प. स्टेप, म्हणजे जॉबचा तो टप्पा, संपली की सिस्टिम ती मेमरी परत घेते, म्हणून सगळी सोय आधी करून ठेवावी लागते. पुण्यामुंबईत बसून परदेशी बँकांचे आणि विमा कंपन्यांचे मेनफ्रेम सांभाळणारे कितीतरी मराठी लोक आहेत. त्यांच्यातल्या नव्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. आयबीएमच्या झेड/ओएसवरचा बॅच जॉब आणि त्यातला कोबोल प्रोग्राम मी गृहीत धरला आहे. नावं इथे देवनागरीत आहेत. जेसीएलमध्ये ती नेहमीप्रमाणे इंग्रजी कॅपिटल अक्षरांत टाकायची.

पायरी १: कोड वाचा, डम्प लागणार आहे का ते ठरवा

प्रत्येक ॲबेंडला, म्हणजे प्रोग्राम असा मध्येच पडण्याला, डम्प लागत नाही. एस८०६ म्हणजे लोड मॉड्यूल (चालवायचा तयार प्रोग्राम) सापडलं नाही; स्टेपलिब, म्हणजे तो जिथे शोधला जातो ती लायब्ररी, तपासा, काम झालं. एसबी३७, एसडी३७, एसई३७ म्हणजे डेटासेटला (मेनफ्रेमवरच्या फायलीला) जागा कमी पडली. एस३२२ म्हणजे सीपीयूची वेळ संपली. तो मात्र फसवा असतो: प्रोग्राम लूपमध्ये अडकला असेल तर तो कुठे फिरत होता हे डम्पच सांगतो.

डम्पची खरी गरज लागते ती एस०सी४ आणि एस०सी७ला, म्हणजे आपल्या भाषेत सॉक फोर आणि सॉक सेव्हनला. सॉक फोरमध्ये प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावलेला असतो. सॉक सेव्हनमध्ये पॅक्ड डेसिमल फील्डात आकडे नसलेलं काहीतरी आलेलं असतं. नेहमीचं उदाहरण म्हणजे तीन बाइटच्या कॉम्प-३ (कोबोलमधल्या पॅक्ड डेसिमल) फील्डात आलेले स्पेस. एब्सिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात स्पेस म्हणजे हेक्स ४०, म्हणून फील्डात दिसतं ४०४०४०. पॅक्ड आकड्याच्या शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असावं लागतं आणि ते ए ते एफ यांपैकीच असतं. इथे आहे शून्य. प्रोसेसर हा आकडा मानत नाही आणि प्रोग्राम पडतो. कोणत्या फील्डात, कोणत्या रेकॉर्डवर आणि ते स्पेस आले कुठून, यांतलं काहीही नुसत्या कोडवरून कळत नाही.

जॉब लॉगमध्ये आयईए९९५आय हा मेसेज शोधा. त्याला सिम्प्टम डम्प म्हणतात. त्यात पीएसडब्ल्यू, रजिस्टर्स आणि बहुतेक वेळा मॉड्यूलचं नाव व ऑफसेट मिळतो. पीएसडब्ल्यूमधला पत्ता सॉक सेव्हनच्या वेळी पुढच्या इन्स्ट्रक्शनचा असतो, हे लक्षात ठेवा. तेवढ्यावर भागलं तर उत्तमच.

पायरी २: योग्य डीडी लावा

जेसीएलमध्ये तीनपैकी एक डीडी (स्टेपला डेटासेट जोडून देणारी ओळ) असावा लागतो: सिसयूडम्प, सिसॲबेंड किंवा सिसएमडम्प. पहिले दोन माणसाला वाचता येतील असे छापील डम्प देतात. सिसयूडम्पमध्ये मुख्यतः तुमच्या प्रोग्रामची मेमरी येते, सिसॲबेंडमध्ये त्याबरोबर सिस्टिमचे काही भाग. सिसएमडम्प कच्चा असतो, तो आयपीसीएस या डम्प वाचायच्या साधनात उघडावा लागतो. एकाच स्टेपमध्ये एकाहून जास्त डम्प डीडी लिहिले तर सिस्टिम शेवटचा धरते. ही चूक शोधताना तासन्तास जातात, कारण जेसीएलमध्ये सगळं बरोबरच दिसत असतं.

माझं स्पष्ट मत असं की प्रॉडक्शनमध्ये सिसएमडम्पच लावावा. छापील डम्प स्पूलवर (जॉबचं छापील आउटपुट साठतं तिथे) जातो आणि मोठ्या प्रोग्रामचा असेल तर स्पूल भरून टाकतो. वर ती हजारो पानं वाचायची कोणी? कच्च्या डम्पला मागाहून हवे तेवढे प्रश्न विचारता येतात. साधारण असा लिहा:

//सिसएमडम्प डीडी डीएसएन=प्रॉड.डम्प.पेरोल(+१),
// डिस्प=(न्यू,डिलीट,कॅटलॉग),युनिट=सिसडीए,
// डीसीबी=(रेकएफएम=एफबीएस,एलरेकएल=४१६०),
// स्पेस=(सिल,(५००,५००),रिलीज)

इथले ‘कॅटलॉग’, ‘सिल’ आणि ‘रिलीज’ हे शब्द जेसीएलच्या ठरलेल्या संक्षेपांतच लिहायचे. सगळ्यात महत्त्वाची ओळ डिस्पची. स्टेप नीट संपली तर रिकामा डेटासेट पुसला जातो, ॲबेंड झाला तरच कॅटलॉगमध्ये राहतो. (+१) म्हणजे जीडीजीची (एकाच नावाच्या क्रमवार डेटासेटच्या गटाची) पुढची जनरेशन. साधं ठरीव नाव दिलं तर एकदा डम्प राहिल्यावर पुढच्या रात्री त्याच नावाची अडचण येते. साधा सिक्वेन्शियल डेटासेट एका व्हॉल्यूमवर ६५,५३५ ट्रॅकच्या पुढे जात नाही. डम्प त्याहून मोठा होणार असेल तर डीएसएनटाइप=लार्ज लिहा.

या डम्पमध्ये मेमरीचे कोणते भाग येतील हे साइटच्या पार्मलिबवर (सिस्टिमच्या सेटिंगच्या लायब्ररीवर) ठरतं: सिसयूडम्पसाठी आयईएडीएमपी००, सिसॲबेंडसाठी आयईएएबीडी००, सिसएमडम्पसाठी आयईएडीएमआर००. चालू ऑप्शन बघायला ऑपरेटरला ‘डी डी,ओ’ ही कमांड द्यायला सांगा.

पायरी ३: लँग्वेज एन्व्हायर्न्मेंटला सांगा

बहुतेक लोक इथेच अडकतात. डीडी बरोबर, जागा भरपूर, प्रोग्राम पडतो आणि तरी डम्प येत नाही. कोबोल, पीएल/वन किंवा सी प्रोग्राम लँग्वेज एन्व्हायर्न्मेंटच्या आत चालतात आणि प्रोग्राम चेक, म्हणजे प्रोसेसरने दाखवलेली चूक, आधी तेच पकडतं. टर्मथडॅक्ट या रनटाइम ऑप्शनची मूळ किंमत ट्रेस असते. म्हणजे सीईईडम्प या त्याच्या छापील अहवालात कोणी कोणाला कॉल केलं तो ट्रेसबॅक मिळतो, पण सिस्टिम डम्प घेतला जात नाही.

उपाय सोपा आहे. त्याच स्टेपमध्ये हे घाला:

//सीईईऑप्ट्स डीडी *
टर्मथडॅक्ट(यूएडम्प)
/*

आता सीईईडम्पही येईल आणि सिसएमडम्पही. डम्पवर यू४०३९ हा कोड दिसला तर घाबरू नका. डम्प घेण्यासाठी लँग्वेज एन्व्हायर्न्मेंटने स्वतः केलेला तो ॲबेंड आहे, मूळ कारण सीईईडम्पमध्ये असतं. सॉक सेव्हन असेल तर तिथे सीईई३२०७एस हा मेसेज दिसेल. साइटने हा ऑप्शन बदलायला बंदी केली असेल तर सिस्टिम प्रोग्रामरशी बोलावं लागतं.

यूएडम्पने घेतलेला डम्प मूळ घटनेच्या थोडा नंतरचा असतो, मधल्या काळात लँग्वेज एन्व्हायर्न्मेंटचा स्वतःचा कोड चाललेला असतो. मेमरी कोणीतरी खराब करतंय असा संशय असेल आणि अगदी पहिला क्षण हवा असेल, तर टर्मथडॅक्ट(यूएआयएमएम) आणि त्याच्या जोडीला ट्रॅप(ऑन,नोस्पाय) वापरा.

पायरी ४: मध्ये कोणी डम्प अडवतंय का ते बघा

बऱ्याच साइटवर ॲबेंडचं विश्लेषण करणारं ॲबेंड-एड किंवा फॉल्ट ॲनालायझर बसवलेलं असतं. ही साधनं चांगली आहेत, रोजच्या कामाला त्यांचे रिपोर्ट पुरतात. पण ती मूळ डम्प स्वतःकडे वळवू शकतात किंवा दाबून टाकू शकतात. खरा डम्प हवा असेल तेव्हा ॲबेंड-एडसाठी ‘//एबीएनएलआयजीएनआर डीडी डमी’ आणि फॉल्ट ॲनालायझरसाठी ‘//आयडीआयऑफ डीडी डमी’ अशी ओळ त्या स्टेपमध्ये घाला.

दुसरा अडवणारा डीएई, हा सिस्टिमचाच एक भाग. एकाच लक्षणांचा डम्प आधी घेतलेला असेल तर पुढचे तो गाळतो. जागा वाचवण्यासाठी ते योग्यच, पण नेमका दुसरा डम्प हवा असेल तेव्हा अडचण होते. लॉगमध्ये आयईए८४८आय दिसला तर समजा की सिस्टिमने किंवा साइटने डम्प नाकारला आहे.

पायरी ५: जॉब पडत नाही, नुसता लटकला आहे

साधा कॅन्सल केला तर एस२२२ येतो आणि डम्प मिळत नाही. ऑपरेटरला सांगा: ‘सी जॉबनाव,डम्प’. तेव्हा एस१२२ येतो आणि डम्प डीडी असेल तर डम्प लिहिला जातो. मध्यरात्री फोनवर बोलताना हा एक शब्द ठासून सांगा.

जॉब मारायचा नसेल किंवा डीडीच नसेल तर कन्सोलवरून एसव्हीसी डम्प, म्हणजे सिस्टिमने स्वतः लिहिलेला डम्प, घेता येतो. ऑपरेटर ‘डम्प कॉम=(शीर्षक)’ देतो, सिस्टिम आयईई०९४डी विचारते आणि उत्तरात जॉबचं नाव व एसडेटा=(आरजीएन,टीआरटी,सम) जातं; कंसात आणखी हवे ते भाग जोडायचे. मेमरी टिपली जात असताना तो ॲड्रेस स्पेस (त्या जॉबचं मेमरीतलं स्वतंत्र क्षेत्र) थोडा वेळ थांबतो, म्हणून डीबी२ या डेटाबेससारख्या मोठ्या आणि गर्दीच्या स्पेसवर हे करताना आधी परवानगी घ्या.

कधीतरीच होणाऱ्या चुकीसाठी सापळा लावतात, स्लिप:

स्लिप सेट,कॉम्प=०सी४,जॉबनेम=पेरोल,ॲक्शन=एसव्हीसीडी,मॅचलिम=१,एंड

मॅचलिम विसरू नका, नाहीतर एकामागून एक डम्प येत राहण्याची भीती. आणखी एक खाचखळगा: लँग्वेज एन्व्हायर्न्मेंटने प्रोग्राम चेक ई-स्पायने (चूक आधीच पकडायच्या सिस्टिमच्या सोयीने) परस्पर पकडला तर हा सापळा लागतच नाही. तिथे ट्रॅप(ऑन,नोस्पाय) हवं, किंवा सापळा यू४०३९वर लावावा.

पायरी ६: डम्प पूर्ण आहे ना?

एसव्हीसी डम्प झाला की आयईए६११आय मेसेज येतो. त्यात ‘कम्प्लीट’ आहे की ‘पार्शल’ ते वाचा. पार्शल असेल तर बहुधा डेटासेटची जागा किंवा मॅक्सस्पेस (डम्प टिपताना वापरायच्या जागेची मर्यादा) कमी पडलेली असते. मॅक्सस्पेसची मूळ किंमत ५०० एमबी आहे आणि आजच्या प्रोग्रामांना ती सहज अपुरी पडते. सिसएमडम्प कुठे गेला ते आयईए९९३आय सांगतो.

मग आयपीसीएसमध्ये डम्प उघडून ‘स्टेटस फेलडेटा’ आणि ‘व्हर्बएक्स एलईडेटा 'सीईईडम्प'’ या दोन कमांड चालवा. काहीतरी अर्थपूर्ण दिसलं म्हणजे डम्प वापरण्याजोगा आहे. हे जॉब रीस्टार्ट करायला होकार देण्याआधी करा. पाच मिनिटं जातात, आणि ती मागून घ्यायला संकोच करू नका.

पायरी ७: जपणं आणि पाठवणं

डम्पमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं असतं: खाते क्रमांक, नावं, शिल्लक. म्हणून डेटासेटला रॅकफ या सुरक्षा प्रणालीचं संरक्षण हवं आणि तो ईमेलने कुठेही जाता कामा नये. झेड१५ मशीनपासून संवेदनशील पानं गाळून डम्पची प्रत काढायची सोय आली आहे. बाहेर पाठवताना ती वापरता येते का ते विचारा. पाठवण्याआधी अमाटर्स या साधनाने आवळा आणि बायनरीतच पाठवा. टेक्स्ट म्हणून पाठवला तर एब्सिडिकचं आस्कीत रूपांतर होतं आणि डम्प कायमचा वाया जातो.

सोबत कंपाईल लिस्टिंग ठेवा, लिस्ट किंवा ऑफसेट आणि मॅप ऑप्शन लावून काढलेली. ती त्याच लोड मॉड्यूलच्या कंपाईलची असली पाहिजे. मध्ये एकदा जरी प्रोग्राम पुन्हा कंपाईल झाला असेल तर ऑफसेट भलत्याच ओळीवर नेतो. लिस्टिंगवरची कंपाईलची तारीख-वेळ सीईईडम्पमधल्या तारीख-वेळेशी ताडून बघा आणि जुळल्यावरच ऑफसेट शोधायला बसा.