तुलूज ते बेझिए: कालव्याकाठची बिनगाड्यांची ग्रॅव्हल सफर

दक्षिण फ्रान्समधला कनाल द्यू मिदी हा कालवा पिएर-पॉल रिके याच्या आराखड्यावर १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. तुलूजपासून भूमध्य समुद्राजवळच्या ‘तो’ नावाच्या खाडीपर्यंत हा कालवा २४० किमी जातो. बोटी ओढणारे घोडे ज्या वाटेने चालत, तीच आज सायकलवाल्यांची वाट आहे. चढ नावापुरता आहे. सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे नोरूझ, तेही समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. चढ-उतार फक्त लॉकच्या, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या टाक्यांच्या, दारांपाशी, तोही दोन-चार मीटरचा. एवढं वाचून लोक रोज ९० किमीचा बेत आखतात आणि दुसऱ्याच दिवशी तो कोलमडतो. गाड्या नसल्या म्हणजे वाट चांगली असतेच असं नाही, आणि या वाटेची तर जिल्हा बदलला की जातच बदलते.

तुलूजपासून पोर-लोरागेपर्यंतचे साधारण ५० किमी डांबरी आहेत, तिथे ताशी २० किमी सहज पडतात. पुढे ओड जिल्हा लागला की काही टप्पे दाबलेल्या खडीचे आणि छान, बाकीची मातीची अरुंद पायवाट. खरा त्रास काठावरच्या ‘प्लेन’ या चिनारच्या जातीतल्या झाडांच्या मुळांचा. ती वाटेला आडवी जातात, दर दोन-तीन मीटरवर एक उंचवटा, आणि हे कित्येक किलोमीटर चालू राहतं. अशा ठिकाणी सरासरी १२ धरा. लॉकचे अंतर-दगड मोजून आखलेला झेपणारा बेत असा: तुलूज ते कास्तेलनोदारी ६५ किमी, तिथून त्रेब ५३, मग ले सोमाय ४८, शेवटी बेझिए ४२. त्रेबनंतरचा दिवस आकड्यावरून सोपा वाटतो, पण पायांना आणि मनगटांना तोच सगळ्यात जड जातो.

टायर या खराब टप्प्यासाठीच निवडायचे. ४० ते ४५ मिमी रुंदीचे, ट्यूबलेस. सायकलस्वार ७५ किलोचा आणि सामान ८-१० किलो असेल तर ४२ मिमी टायरला पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ५ पीएसआय वाढवा, नाहीतर मुळावर आपटून ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात. प्रत्येक ट्यूबलेस टायरमध्ये ८० मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव) हवंच, कारण उन्हाळा सरता सरता या कोरड्या काठांवर सराटा असतो. तोच, आपल्याकडच्या माळरानावरचा. काटा टायरमध्ये दिसला तर उपटा आणि लगेच चाक फिरवून ते भोक खाली आणा, म्हणजे सीलंट तिथे जमून घट्ट होतं. ट्यूबवाल्यांनी टायर आतून बोटांनी सावकाश चाचपून पाहावा. एक काटा काढून दुसरा राहिला, तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

सामान शक्यतो फ्रेमच्या आणि सीटच्या पिशव्यांत ठेवा. चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या रुंद पिशव्या (पॅनिअर) अरुंद वाटेवर झुडपांत अडकतात, आणि एका बाजूला पाणी असताना तो धक्का महागात पडतो. कॅरिअर लावलंच तर त्याचे स्क्रू रोज संध्याकाळी तपासा. मुळांच्या थरथराटाने ते ढिले होतात. जास्तीचे भाग थोडेच घ्या, पण तुमच्या गिअरच्या संख्येला जुळणारी चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी) आणि तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) नक्की घ्या. हँगर प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो, छोट्या गावातल्या दुकानात तो मिळेलच असं नाही.

पाऊस पडला की या लोरागे भागातली चिकणमाती टायर आणि फोर्कच्या मधे भरते आणि चाक अडतं. जोर लावून पेडल मारलं तर डिरेलरच मोडायची पाळी येते. उतरा, काडीने माती खरवडा आणि शेजारच्या गावरस्त्याला लागा. तिथे गाड्या असतात, पण फार थोड्या. ऊन पडून वारा सुटला की अर्ध्या दिवसात वाट पुन्हा चालवण्याजोगी होते.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवा. सर्स नावाचा वायव्येचा वारा असला तर पाठीशी राहतो. उलट आग्नेयेचा ओतां सुटला तर रोजचं अंतर १० किमीने कमी करा. महिने एप्रिलअखेर ते जून, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट टाळा. कॅन्करच्या बुरशीने २००६ पासून प्लेनची झाडं पोखरली, हजारो तोडावी लागली. नवी झाडं लावताहेत, पण सावली द्यायला त्यांना वर्षं लागतील. तोवर लांबच लांब टप्पे उघडे आहेत.

पाण्यासाठी गावातलं कब्रस्तान शोधा, तिथे बहुधा नळ असतो. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर पिऊ नका. दुकानं दुपारी दोन-तीन तास बंद, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर बरीचशी बंदच. शनिवारीच दोन दिवसांचं खाणं घ्या. शाकाहारी असाल तर कास्तेलनोदारीच्या प्रसिद्ध कासुलेच्या घेवड्याला भुलू नका, त्यात बदक आणि डुकराचं मांस असतं.

कालवा सोडून शेतवाटांनी जायचं असेल तर पाट्या नीट वाचा. लाल कडेच्या पांढऱ्या गोल पाटीत मोटार आणि मोटारसायकलचं चित्र असेल तर सायकलला मुभा आहे. पाटी कोरी असेल तर कुठलंच वाहन नको, सायकलही नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर वाटांना ग्रेड १ ते ५ असतात; या टायरना २ आणि ३ झकास. ४ फक्त कोरड्या दिवसांत, ५ नकोच. शरद ऋतूपासून शिकारीचा मोसम असतो. ‘शास आं कूर’ असं लिहिलेलं दिसलं की मागे फिरा.

वस्तीबाहेर रात्री किंवा कमी उजेडात चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे, चालवताना इअरफोनला बंदी आहे.

बेझिएच्या आधी कापेस्तां ओलांडलं की मालपासपाशी थांबा. कालवा टेकडीच्या पोटातून जातो, तुम्ही वरून. तिथल्या टेकडीवरून मोंतादीची १३व्या शतकात निचरा केलेली दलदल दिसते. शेतं चाकाच्या आऱ्यांसारखी केंद्राकडे धावतात. वीस मिनिटं वेळ काढाच. पुढे फोनसेरानच्या लॉकच्या पायऱ्यांवर उतार आहे, तिथे पर्यटकांची गर्दी असते, सायकल हातात धरून उतरा.

परत त्याच वाटेने येऊ नका. बेझिएहून ट्रेनने बेदारिएला जा आणि तिथून माझामेपर्यंत ‘पासा पाईस’ ही सुमारे ८० किमीची जुनी रेल्वेवाट चालवा. रेल्वेची म्हणून चढ सौम्य, वाट खडीची, ओलार्ग आणि सें-पों वाटेतच लागतात. बोगदे आहेत, पुढचा दिवा चार्ज केलेला हवा. माझामेहून ट्रेन तुलूजला आणते. या लोकल ट्रेनमध्ये सायकल नेता येते, पण जागा मोजकी असते, म्हणून सकाळची गाडी पकडा आणि डब्यात शिरण्याआधीच पिशव्या काढून ठेवा. लांब पल्ल्याच्या इंटरसिटेमध्ये मात्र सायकलचं आरक्षण आधीच करावं लागतं.