निकालाचं वाक्य आधी: डिजिटल आरोग्य परिषदेला ॲबस्ट्रॅक्ट कसा पाठवावा

ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे परिषदेसाठी पाठवायचा अभ्यासाचा थोडक्यात सारांश. तो लिहायला बसलं की बहुतेक जण 'देशात मधुमेहाचे रुग्ण झपाट्याने वाढत आहेत' इथून सुरुवात करतात. २५० पैकी शंभर शब्द तिथेच खर्ची पडतात. परीक्षकाला हे ठाऊकच असतं. तो तुमचा निकाल शोधत असतो. म्हणून निकालाचं वाक्य आधी लिहा, बाकीचं त्याच्याभोवती बसवा.

१. एकच प्रश्न धरा. ॲप बनवलं, आशाताईंना प्रशिक्षण दिलं, खर्चही मोजला, हे सगळं एकाच ॲबस्ट्रॅक्टमध्ये कोंबलं की एकही गोष्ट धड पोचत नाही.

२. निकाल आकड्यांत मांडा, आणि भाजक जपा. समजा, १२० मधुमेही रुग्णांना साखरेची नोंद ठेवायचं ॲप दिलं. १२ आठवड्यांनी ९६ जण उरले, त्यांतले ७८ नियमित नोंद करत होते. ७८ ला ९६ ने भागून '८१ टक्के' लिहायचा मोह इथेच होतो. पण सुरुवात १२० जणांनी केली होती, म्हणजे खरा आकडा ६५ टक्के. ॲपच्या अभ्यासांत माणसं गळतातच. डिजिटल आरोग्याचे संशोधक गुंथर आयझेनबाख यांनी २००५ मध्ये या गळतीचाच अभ्यास व्हायला हवा असं मांडलं होतं. तेव्हा वाक्य असं करा: '१२० पैकी ७८ रुग्णांनी (६५ टक्के, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल ५६ ते ७३) १२ व्या आठवड्यात किमान ३ दिवस साखर नोंदवली, २४ जणांनी ॲप सोडलं.' 'ॲप अतिशय उपयुक्त ठरलं' या वाक्यापेक्षा हे कितीतरी जास्त सांगतं. (कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणजे खरं प्रमाण ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याचा अंदाज आहे तो पट्टा.)

३. एआयचं मॉडेल असेल तर नुसती 'अचूकता ९० टक्के' लिहू नका. हजार जणांत ५० आजारी असतील आणि सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांपैकी किती जण बरोबर ओळखले) आणि स्पेसिफिसिटी (निरोगींपैकी किती जण बरोबर ओळखले) दोन्ही ९० टक्के असतील, तर ४५ आजारी सापडतात, पण ९५ निरोगी माणसांनाही आजारी ठरवलं जातं. म्हणजे मॉडेलने बोट दाखवलेल्या १४० जणांपैकी खरे आजारी जेमतेम ३२ टक्के. हे दवाखान्यातल्या डॉक्टरला लगेच कळतं, म्हणून चाचणी कोणत्या रुग्णांवर झाली आणि त्यांच्यात आजाराचं प्रमाण किती होतं, हे लिहाच.

४. आता शब्द वाटून घ्या. २५० ची मर्यादा असेल तर पार्श्वभूमी ४०, उद्देश २०, पद्धत ७५, निकाल ८५, निष्कर्ष ३०. पद्धतीत ठिकाण, काळ, रुग्ण कसे निवडले आणि काय मोजलं, हे चारही यायला हवेत. निष्कर्षात निकालापलीकडची उडी मारू नका. १२ आठवड्यांच्या नोंदींवरून 'मधुमेह नियंत्रणात येईल' असं म्हणता येत नाही.

५. नैतिक समितीची मंजुरी आधीच हाताशी ठेवा. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीचा, नोंदणी क्रमांकही लागतो. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून होत नाही. आयत्या वेळी इथेच अडतं.

६. पोर्टलवर चढवताना मजकूर साध्या टेक्स्टमध्ये पेस्ट करा. वर्डमधून थेट पेस्ट केल्यास '±' किंवा '≥' यांसारखी चिन्हं बिघडू शकतात. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, तेही बघा. अक्षरांची असेल तर मोकळ्या जागाही बहुधा धरल्या जातात. परीक्षण नाव झाकून होणार असेल तर मजकुरातून रुग्णालयाचं नाव काढा आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमधून लेखकाचं नावही पुसा. हे दुसरं हमखास राहून जातं.

मुदतीपुढे 'एओई' ('एनीव्हेअर ऑन अर्थ') लिहिलं असेल तर ती यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १२ तास मागची वेळ. रात्री ११:५९ म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ५:२९. तरी आदल्या दिवशीच पाठवा, तयार झालेली पीडीएफ उघडून सहलेखकांच्या नावांचं स्पेलिंग तपासा आणि पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा.