नारळाचं रोप घेताय? आधी रूट विल्ट बघून घ्या

घोडबंदर रोडला नर्सरीत केरळचं रोप उचलण्याआधी ते कुठल्या बागेतलं आहे ते विचाराच, कारण केरळात रूट विल्ट हा नारळ खंगवणारा रोग आहे: फायटोप्लाझ्मा नावाचा पेशीभित्तिका नसलेला बॅक्टेरिया नारळाला धरतो आणि रस शोषणारे लेस बग अन् तुडतुडे तो या झाडावरून त्या झाडावर नेतात. पाती लुळी पडून बरगड्यांसारखी आत वळली, पिवळी पडली की शंका घ्या. पानात व्ही आकाराचे कट दिसले तर मात्र तो गेंड्या भुंगा, सोसायटीत बहुतेकदा तोच निघतो! रोगाला औषध नाही, त्यामुळे फवारणीवाल्याला उगाच पैसे देऊ नका. शेणखत, पालाश, पाणी नीट द्या. फारच खंगलं तर तोडा, पण आधी महापालिकेची परवानगी काढा. नवीन लावायचं तर कासरगोडच्या संशोधन केंद्राची कल्पश्री किंवा कल्परक्षा मागा, त्या जाती जास्त टिकाव धरतात.