‘अजून जोरात दाबा’ म्हणण्याआधी: मसाज घेताना या चुका टाळा

मी १९ वर्षं पुण्यात मसाजचं काम करते. सुरुवातीला एका वैद्यांकडे पंचकर्माआधीचं स्नेहन, म्हणजे अंगाला तेल चोळायचं काम करायचे, मग स्वीडिश आणि डीप टिशू (खोल दाबाचा) मसाज शिकले, आता माझ्या स्वतःच्या दोन खोल्या आहेत. पाठी रोज नव्या येतात, चुका मात्र त्याच त्या. गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तिघांना तीच गोष्ट समजावली आणि घरी येऊन ठरवलं, हे एकदा लिहूनच काढायचं.

फॉर्मवर तिरकी रेघ

पहिल्यांदा येणाऱ्याला मी पानभर फॉर्म देते. बीपी, शुगर, चालू गोळ्या, झालेली ऑपरेशनं, ॲलर्जी, गरोदरपण, पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली होती का. बहुतेक जण नाव आणि फोन नंबर लिहितात, बाकीच्या रकान्यांवरून एक तिरकी रेघ ओढतात आणि कागद परत देतात. "काही नाही हो, फक्त पाठ धरलीये."

चार वर्षांपूर्वी एक काका आले. साठी उलटलेली, अमेरिकेत मुलीकडे चार महिने राहून तीनच दिवसांपूर्वी परतलेले. फॉर्मवर रेघ. म्हणाले, "अगं, डाव्या पोटरीत गोळा आलाय. विमानात अवघडून बसलो ना इतका वेळ. तेल लावून चांगली रगडून दे."

मी दोन्ही पायांवर हात ठेवला. डावी पोटरी उजवीपेक्षा गरम लागली. गोळा आलेला स्नायू बोटाखाली गाठीसारखा लागतो, पाऊल वर ओढून पोटरी ताणली की हळूहळू सुटतो. इथे सगळी पोटरी एकसारखी तटतटलेली होती आणि कातडी चकाकत होती. माझ्या खणात शिंप्याची टेप असते. गुडघ्याखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या. फरक साडेतीन सेंटीमीटर. डॉक्टर याच जागी मोजतात आणि ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला की खोल शिरेत गुठळी असल्याची शंका धरतात. अशी पोटरी रगडली तर गुठळी सुटून रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. त्यात माणूस दगावतो.

मी नाही म्हटलं. काका चिडले. "माझी आई जन्मभर आमचे पाय चोळायची, कुणाला काही झालं नाही. तुला जमत नसेल तर तसं सांग, मी दुसरीकडे जातो." मी पैसे घेतले नाहीत, पण त्यांच्या मुलाला फोन लावल्याशिवाय त्यांना जाऊही दिलं नाही. संध्याकाळी डॉपलर सोनोग्राफी झाली, गुठळी निघाली, काका दवाखान्यात दाखल झाले. दुसऱ्या दिवशी मुलाने फोनवर सांगितलं की दहा वर्षांपूर्वीही त्यांना एकदा गुठळी झाली होती. माझ्या फॉर्मवर त्याचाच रकाना होता. त्याच्यावरून रेघ गेली होती.

मी याबाबत एवढी कडक का, याचं कारण जुनं आहे. कामाच्या दुसऱ्या वर्षी एक ताई आल्या. हृदयाची झडप बदललेली, वॉरफरिन चालू. त्यांनी ते सांगितलं नाही आणि तेव्हा मी फॉर्म देत नव्हते. खांदे खूप दुखतात म्हणाल्या म्हणून मी गंधपुऱ्याचं तेल घेतलं आणि नेहमीसारखा जोर दिला. दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ मानेपासून कमरेपर्यंत काळीनिळी. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या माणसाला साध्या दाबानेही वळ उठतात, हे एक. शिवाय गंधपुऱ्यात मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते कातडीतून आत जातं आणि वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या ताई पंधरा दिवस पालथ्या झोपत होत्या. मी दोनदा घरी जाऊन माफी मागितली, आणि तिसऱ्या दिवशी फॉर्म छापून आणला.

आता मी फॉर्म घेते आणि वर तोंडीही विचारते. "गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं, कारण दहा वर्षं रोज घेतलेली बीपीची गोळी माणसाला औषध वाटेनाशी होते. म्हणून मी विचारते, "आज सकाळी चहाबरोबर कुठल्या गोळ्या घेतल्यात?" मग एकेक नाव निघतं. तुम्हाला नावं आठवत नसतील तर घरून निघताना पाकिटांचे फोटो काढून आणा. मधुमेह असेल आणि तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर तेही सांगा, कारण गरम दगड भाजतोय हे तुम्हाला कळणार नाही आणि मला फोड आल्यावर कळेल. बदामाची ॲलर्जी असलेल्या माणसाने बदामतेलाच्या मसाजनंतर ती सांगू नये, आधी सांगावी. ताप असेल, अंगावर गजकर्ण किंवा पुळ्या असतील, ताजं ऑपरेशन असेल, तर त्या दिवशी येऊच नका. गरोदर बाईला पहिले तीन महिने मी घेत नाही. नंतर घेते ते डॉक्टरांची चिठ्ठी पाहून, कुशीवर झोपवून.

जितकं दुखेल तितकं बरं

ही माझ्या रागाची दुसरी जागा.

मागच्या पावसाळ्यात एक तरुण मुलगा आला, दिवसभर लॅपटॉपवर काम, संध्याकाळी जिम. पाच मिनिटांत सुरू झालं, "मॅडम, अजून जोरात. काहीच जाणवत नाहीये." खांद्याच्या फऱ्याजवळ मी थोडा जोर वाढवला. त्याच क्षणी त्याचा श्वास अडकला, पायाची बोटं वळली, आणि तोंडाने मात्र "हां, असंच, अजून." माणसाचं तोंड काही म्हणो, स्नायू खरं बोलतात. सहन होईल त्यापेक्षा जास्त दाब आला की स्नायू स्वतःला वाचवायला आखडतो. मग मी जितका जोर लावीन तितका तो माझ्याशी भांडणार. तासभर अशी झटापट करून सैल काहीच होत नाही, फक्त दोघंही दमतात.

मी त्याला सांगितलं, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे ओरडशील असं धर, मी सहाच्या वर जाणार नाही. त्याला पटलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरीकडे दीड तासाचा ‘पूर्ण ताकदीचा’ मसाज घेतला आणि चौथ्या दिवशी माझ्याकडे आला. दोन्ही फऱ्यांवर हिरवट-जांभळे डाग. शर्ट काढायला हात वर जात नव्हता. "विष बाहेर पडलं म्हणाले," असं तो मला सांगत होता. काळंनिळं पडणं म्हणजे कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटणं, दुसरं काही नाही. शरीरातली घाण बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, माझी कोपरं करत नाहीत. मी त्याला तसाच परत पाठवला. पंधरा दिवस त्या पाठीला हात लावण्यासारखी स्थिती नव्हती.

असंच व्यायामानंतरच्या दुखण्याचं. "लॅक्टिक ॲसिड साचलंय, ते काढा" असं जिमवाले शिकवून पाठवतात. ते ॲसिड व्यायाम थांबल्यावर तासाभरात आपोआप निवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात ते स्नायूंवर पडलेल्या ताणामुळे, आणि त्यावर हलका हात बरा वाटतो. जोरदार रगडणं म्हणजे दुखऱ्या जागेवर आणखी दुखापत.

लोक मला कोल्हापूरच्या तालमींचं उदाहरण देतात. पैलवानाला कसं रगडतात बघा, म्हणतात. बघितलंय मी. त्या पोराच्या अंगात वर्षानुवर्षांची मेहनत असते, आणि त्याचं अंग आज कसं आहे हे रोज बघणारा वस्ताद शेजारी उभा असतो. तुम्ही दहा तास खुर्चीत बसून रविवारी एकदा माझ्यासमोर येता. तुमच्या पाठीला आधी ऊब हवी. स्वीडिश मसाज लांब, सरकत्या हातांनी सुरू होतो तो त्यासाठीच. ती पहिली दहा मिनिटं लोकांना ‘वाया गेलेली’ वाटतात. ती वगळून थेट कोपर मागणाऱ्यांना मी स्पष्ट नकार देते.

उलटीही चूक होते. काही जण, विशेषतः बायका, दुखत असूनही गप्प राहतात. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." मला वाईट वाटत नाही. बोला. दाब, खोलीतला गारवा, तेलाचा वास, पंखा, काहीही असो.

मणका बसवून द्या

हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकते. मणका सरकलाय, दाबून जागेवर बसवा. कमरेतून निघून नितंबावरून पोटरीपर्यंत कळ जात असेल तर बहुतेक वेळा दोन मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा नसेवर दाब देत असतो. तो वरून अंगठ्याने आत ढकलता येत नाही. मी मणक्यांच्या दोन्ही बाजूंचे आखडलेले स्नायू सैल करू शकते, मणक्यांवर थेट जोर देत नाही. कुणी पाठीवर उभं राहून मसाज देतो म्हणत असेल तर तुम्ही उठून उभे राहा आणि घरी जा. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घ्यायची पद्धत माझ्या आजोळी होती. साधी उसण काही दिवसांत तशीही उतरते, त्याचं श्रेय लाथेला जायचं. हाडं ठिसूळ झालेल्या आजींना मात्र त्या लाथेने मणका मोडू शकतो.

कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, यातलं एक जरी झालं तरी मसाजची वेळ रद्द करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. नसांचा गुच्छ दाबला जात असतो, तिथे तासांचा हिशेब असतो.

दाढी-कटिंगनंतर मान कडकन मोडून घेणं बंद करा. मानेतून मेंदूकडे जाणारी रोहिणी त्या झटक्यात फाटू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. कडक आवाजाने मान मोकळी झाल्याचं समाधान मिळतं, एवढाच त्याचा उपयोग.

जेवून लगेच येणं

मिसळ खाऊन थेट टेबलावर पालथं झोपलात तर त्रास तुम्हालाच होईल. किमान दीड-दोन तासांचं अंतर ठेवा. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात रोज अभ्यंग (तेलाचा मसाज) करावा असं सांगितलं आणि लगेच कुणी करू नये तेही सांगितलं: कफाने ग्रासलेल्याने, नुकतंच शोधन (वमन, विरेचन यांसारखे उपचार) झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने. पहिली ओळ सगळ्या स्पाच्या भिंतींवर लावतात, दुसरी कुणी लावत नाही. दारू पिऊन आलेल्यांना मी दारातूनच परत पाठवते.

चादरीबद्दल

किती कपडे काढायचे हे कळत नाही म्हणून माणसं अवघडतात आणि त्या अवघडलेपणात अर्धा मसाज जातो. नियम सोपा आहे. तुम्हाला जेवढे काढून बरं वाटेल तेवढे काढा, माझ्याकडे अंतर्वस्त्रं अंगावरच राहतात. मी खोलीबाहेर असताना तुम्ही चादरीखाली जाता. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा होतो आणि झाला की झाकला जातो. कुणी यापेक्षा वेगळं वागलं, न विचारता पोटाला किंवा छातीला हात लावला, तर मसाज अर्ध्यावर थांबवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

हे दुसऱ्या बाजूनेही लागू आहे. फोनवर आवाज बारीक करून "अजून काही सर्व्हिस मिळेल का" विचारणारे पुरुष आजही आहेत. हा प्रश्न विचारताना समोरची बाई किती वर्षं शिकलीये, घरी काय सांगून कामावर येते, याचा विचार करा. माझ्याकडे शिकलेल्या दोन मुलींनी याच प्रश्नापायी हे काम सोडलं. दोघींचे हात माझ्यापेक्षा चांगले होते.

एका बैठकीत बरं करा

खांदा आठ महिने आखडलेला आणि मुदत एक तासाची. होत नाही. मी पहिल्यांदा तीन आठवडे, आठवड्यातून एकदा बोलावते, मधल्या दिवसांत करायला स्नायू ताणायचे दोन व्यायाम देते. ते कुणी करत नाही. तिसऱ्या वेळेलाही फरक नसेल तर मी स्वतः फिजिओथेरपिस्टकडे पाठवते. महाराष्ट्रात त्यांची परिषद आहे, नोंदणी असते, ती विचारून घ्या. आम्हा मसाजवाल्यांना डॉक्टरांसारखी नोंदणी नाही, त्यामुळे कुठे शिकलात आणि किती वर्षं करताय हे विचारायला लाजू नका. चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावत नाही.

मसाज गन विकत घेतली असेल तर ती गळ्याच्या पुढच्या बाजूला, हाडावर आणि सुजलेल्या पोटरीवर लावू नका.

मसाज संपला की ताडकन उठू नका. तासभर आडवं राहून रक्तदाब उतरलेला असतो, बीपीची गोळी चालू असेल तर आणखीच. उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन टेबलाच्या कडेवर कपाळ आपटलेलं मी पाहिलंय. आधी कुशीवर वळा, हाताच्या आधाराने बसा, पाय खाली सोडा. मी टेबलाशेजारी पेलाभर कोमट पाणी ठेवते. ते पिऊन होईपर्यंत माणूस आपोआप बसून राहतो.