वैशाखातल्या चान्या : मांस वाळवण्याची आणि रांधण्याची रीत

चान्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, करायच्या असतील तर त्या चैत्र-वैशाखातच कराव्यात. लातूर, बीड, धाराशिवकडे त्या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेत दमटपणा जवळजवळ नसतो. मृग लागल्यावर तेच मांस वाळण्याआधी नासते.

पूर्वी मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांमध्ये मोठ्या जनावराचे मांस एकदम हाती येई, ते एका दिवसात संपत नसे आणि टिकवायला उन्हाखेरीज दुसरे साधन नसे. आज निवड कायद्याच्या चौकटीत करावी लागते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हैस त्या बंदीत येत नाही. ज्यांना तेही नको असेल, त्यांनी उस्मानाबादी बोकडाची मांडी घ्यावी. कोणतेही मांस घेतले तरी त्यावरची चरबी काटेकोरपणे काढून टाकावी, कारण मांस वाळते पण चरबी वाळत नाही, ती खवट होते आणि सगळी बरणी बिघडवते.

मांसाच्या रेषांच्या दिशेने, अर्ध्या सेंटीमीटरहून जाड नसलेल्या लांब पट्ट्या कापाव्यात. एक किलो मांसाला साधारण ४० ग्रॅम जाडे मीठ आणि एक लहान चमचा हळद चोळून पट्ट्या तास-दोन तास झाकून ठेवाव्यात. मीठ आतले पाणी ओढून बाहेर काढते, ते निथळून टाकावे. तिखट या वेळी लावू नये, भाजताना ते करपते. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर पट्ट्या आधी उकळत्या खारट पाण्यात आतपर्यंत रंग पालटेस्तोवर ठेवाव्यात. चव थोडी उणी होते, हे मान्य; पण ऊन मांस सुकवते, शिजवत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

सकाळी ऊन चढताच पट्ट्या दोरीवर एकमेकींना न लागतील अशा टांगाव्यात आणि वरून मच्छरदाणीचे कापड घालावे. पहिला दिवस सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण संध्याकाळपर्यंत वरचा थर कोरडा झाला की माशांचे भय बरेच ओसरते. सूर्य मावळताच सगळे घरात घ्यावे. मांजराचा बंदोबस्त ज्याने त्याने आपल्या परीने करावा. तीन-चार दिवसांत पट्टी वाकवताच कडकन चिरू लागली की ती झाली. किलोभर मांसाचे तेव्हा पाव किलोहून थोडेच अधिक उरलेले असते. ताज्या मांसात पाऊण भाग पाणीच असते, ते गेल्यावर जंतूंना वाढायला ओल मिळत नाही आणि चव मात्र दाटून राहते.

चान्यांचे आकर्षण या दाटलेल्या चवीत आहे, म्हणूनच ताजे मटण रोज मिळू लागले तरी त्यांची मागणी संपली नाही. ब्रिटनमध्ये डबाबंद कॉर्न्ड बीफचे तेच झाले: सैनिकांच्या शिध्यात पोटभरीसाठी आलेले हे खारे मांस शांततेच्या काळातही लोकांनी आवडीने घेतले. उरुग्वेतील फ्राय बेंटोस येथील ज्या कारखान्याने ते जगभर पोहोचवले, त्याचा परिसर २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्या डब्याची नक्कल घरी करण्याच्या फंदात मात्र कुणी पडू नये. कारखान्यात मांस मीठ आणि नायट्राइटमध्ये मुरवतात, त्यामुळेच ते गुलाबी राहते. मग डबा सीलबंद करून दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तेवढी उष्णता नीट न मिळता हवाबंद केलेल्या मांसात बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते आणि त्याने माणूस दगावतो. बाजारचा डबाही फुगलेला दिसला तर तो न उघडता टाकून द्यावा.

वाळलेल्या चान्या कोरड्या काचेच्या बरणीत भराव्यात. पहिल्या आठवड्यात बरणीच्या आतून वाफ धरली, तर त्यांना पुन्हा ऊन द्यावे. बुरशी दिसली तर पुसून वापरू नये, सगळे फेकावे. पावसाळ्याआधी संपवणे उत्तम. नाही संपल्या तर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, त्यात कमीपणा नाही.

खाण्याच्या दोन रीती मला विशेष वाटतात. आधी उकळून वाळवलेली पट्टी चुलीतल्या निखाऱ्यांवर आतपर्यंत खरपूस भाजावी, पाट्यावर लसूण आणि लाल तिखटासह वरवंट्याने ठेचावी आणि ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर घ्यावी. दुसऱ्या रीतीत, जी न उकळलेल्या पट्ट्यांसाठीही चालते, चान्या तासभर कोमट पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यावे, तुकडे करून तुरीच्या डाळीबरोबर कुकरमध्ये मऊ शिजवावेत आणि वरून येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ) घालून आमटीसारखे दाट उकळावे. मीठ अगदी शेवटी, चाखूनच घालावे. पुष्कळदा ते लागतच नाही.