माकड नको, पोरगा लिहा : अचाट शक्तीने बिघडणाऱ्या मुलाची पटकथा कशी रचावी

शाळकरी पोराच्या अंगात अचाट शक्ती येते आणि तो बिघडतो, अशी पटकथा लिहायला बसलं की पहिली म्हण आठवते ती ‘माकडाच्या हाती कोलीत’. पटकथा तिथेच फसते. कोलीत म्हणजे काय हे माकडाला ठाऊक नसतं. सतरा वर्षांच्या मुलाला ते पक्कं ठाऊक असतं, आणि ते वापरायला त्याच्याकडे दर वेळी एक कारण तयार असतं. प्रेक्षकाला ते कारण निम्मं तरी पटायला हवं. हे जमलं की बाकीचं पुढे रेटता येतं.

अभ्यासाला एकच चित्रपट घ्यायचा तर जॉश ट्रँक दिग्दर्शित ‘क्रॉनिकल’ (2012) घ्या. पटकथा मॅक्स लँडिसची आहे. लांबी जेमतेम 84 मिनिटं, खर्च सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. कथा सिॲटलमध्ये घडते, पण चित्रीकरण बरंचसं दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनमध्ये झालं. अँड्र्यू, त्याचा नात्यातला भाऊ मॅट आणि शाळेत सगळ्यांचा लाडका असलेला स्टीव्ह जमिनीतल्या एका भुयारात उतरतात. तिथे एक चमकती वस्तू सापडते आणि नुसत्या मनाने वस्तू हलवायची ताकद तिघांना मिळते. ती वस्तू काय होती, हे चित्रपट सांगत नाही. तुम्हीही सांगू नका. उगमाच्या खुलाशावर पाच पानं घालवलीत तर ती मुलाच्या वाट्यातून जातात. (पुढे शेवटही फोडला आहे.)

आधी उणीव, मग शक्ती

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा हिशेब धरा. 90 पानी पटकथेत शक्ती 15व्या पानाच्या आसपास यावी. आधीच्या पानांत मुलाच्या तीन उणिवा दाखवा, आणि त्यांतली एक अशी ठेवा की मिळणाऱ्या शक्तीने ती सुटूच शकणार नाही. अँड्र्यूला मित्र नाहीत, बाप दारू पिऊन मारतो आणि आई अंथरुणाला खिळलेली आहे. शक्ती आल्यावर पहिल्या दोन गोष्टींवर इलाज निघतो. तिसरीवर नाही. हवेत उडणाऱ्या मुलाला आईचं औषध परवडत नाही, म्हणून तो लुटालूट करायला निघतो. बिघडण्याची खरी चूल इथे पेटते. न सुटणारी ही उणीव गाळली की नायक निव्वळ मस्तवाल दिसतो आणि प्रेक्षक त्याला सोडून देतो.

एकच कृती तीनदा

वेगवेगळी पापं रचत बसू नका. एकच कृती निवडा आणि ती तीन वेळा आणा. आधी खोडी म्हणून, मग राग म्हणून, शेवटी सवय म्हणून. ‘क्रॉनिकल’मध्ये ही कृती गाडी ढकलण्याची आहे. पार्किंगमध्ये एका बाईची गाडी पोरं हळूच दुसरीकडे सरकवतात, आणि आपण हसतो. मग पावसात मागून हॉर्न वाजवत चिकटलेली गाडी अँड्र्यू रस्त्यावरून बाजूला फेकतो. ती पाण्यात जाते आणि चालक मरता मरता वाचतो. शेवटी भर शहरात गाड्या आणि बस उडतात. पहिल्या वेळी हसलेला प्रेक्षक तिसऱ्या वेळी गुन्ह्यात भागीदार झालेला असतो. आपल्याकडे म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. या प्रकारच्या पटकथेला हीच म्हण जास्त उपयोगाची.

पहिल्या खोडीत कुणालाही इजा नको. दुसरी वेळ 35 ते 40व्या पानाच्या दरम्यान ठेवा. त्याआधी रक्त सांडलंत तर मौजेचा भाग संपतो, आणि मौज पोटभर झाली नसेल तर पडझडीत गमावण्यासारखं काही उरत नाही.

नियम घालून द्या, आणि ते कोण मोडतो ते ठरवा

गाडीच्या अपघातानंतर मॅट तीन नियम करतो : जिवंत प्राण्यावर वापरायचं नाही, रागात वापरायचं नाही, चारचौघांत वापरायचं नाही. असे नियम कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे तो मोडण्याचा पान क्रमांक टाका. जाहीर करून विसरलेला नियम ही या प्रकारातली सर्रास आढळणारी चूक आहे.

आता एक बारकावा. चारचौघांत वापरायचं नाही हा नियम सर्वात आधी वाकतो तो सद्भावनेने. अँड्र्यूला शाळेत मान मिळावा म्हणून स्टीव्ह त्याला कलागुणांच्या कार्यक्रमात उतरवतो आणि शक्ती जादूचे प्रयोग म्हणून खपून जाते. त्याच रात्रीच्या पार्टीत मुलाची फजिती होते आणि मिळालेला मान रात्रीत जातो. मान कधीच न मिळालेल्या मुलापेक्षा एक संध्याकाळ मिळून हिरावला गेलेला मुलगा कितीतरी जास्त धोकादायक असतो. हा प्रसंग वगळू नका.

तत्त्वज्ञान मात्र उशिरा आणा. ‘मीच सगळ्यात वरचा शिकारी, माशी मारताना कुणाला वाईट वाटतं का?’ अशा अर्थाचं बोलणं अँड्र्यूच्या तोंडी येतं, पण ते कृती करून झाल्यावर. आधी हात चालतो, मग डोकं त्याला कारण शोधतं. उलट क्रमाने लिहिलंत तर मुलगा खलनायकाचं भाषण पाठ करून आल्यासारखा वाटतो.

मॅटलाही तीच शक्ती असणं गरजेचं आहे. तसं नसतं तर शक्तीच वाईट, एवढाच अर्थ उरला असता, आणि शेवटी अँड्र्यूला थांबवायलाही कुणी नसतं. जपानी ॲनिमेशनपट ‘अकिरा’त (1988) पुढे शक्ती मिळणाऱ्या तेत्सुओचा मित्र कानेदाबद्दलचा हेवा शक्ती येण्याआधीच दिसतो, आणि तोही कानेदाच्या लाल मोटारसायकलवरून. हेवा असा हाताला लागणाऱ्या वस्तूत ठेवा. ‘त्याला मित्राचा मत्सर वाटत होता’ हे वाक्य कॅमेऱ्याला दाखवता येत नाही.

कॅमेरा, रक्त आणि तंगूस

‘क्रॉनिकल’ पात्रांच्याच कॅमेऱ्यांतून दिसतो. सुरुवातीला अँड्र्यू कॅमेरा हातात धरतो. ताकद वाढते तसा तो कॅमेरा मनाने हवेत तरंगवतो आणि आपण त्याच्याकडे वरून पाहू लागतो. शेवटच्या मारामारीत दुकानांचे, पोलिसांचे, बघ्यांच्या मोबाइलचे कॅमेरे जोडलेले आहेत. ही पद्धत घेणार असाल तर प्रत्येक प्रसंगाच्या माथ्यावर दोन ओळी लिहा : कॅमेरा कुणाचा, आणि या क्षणी तो बंद का केला नाही. दुसरीचं उत्तर सापडत नसेल तर सरळ नेहमीसारखं चित्रित करा. ओढूनताणून आणलेला हँडीकॅम लगेच पकडला जातो.

शक्तीची किंमत शरीराने मोजलेली दिसू द्या. इथे जास्त ताण आला की नाकातून रक्त येतं. लघुपटासाठी 100 मिली कॉर्न सिरपमध्ये एक चमचा खायचा लाल द्रवरंग आणि पाव चमचा कोको पावडर घोटा. कोको नसेल तर रक्त सरबतासारखं गुलाबी दिसतं. डाग जात नाही, म्हणून एकाच शर्टाच्या निदान तीन प्रती ठेवा.

हलक्या वस्तू तरंगवायला 0.20 मिमीची तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) पुरते. मागून उजेड आला की ती चमकते, म्हणून तिच्यावर काळा मार्कर फिरवा आणि मागची भिंत गडद ठेवा. वस्तू हातात झेपावताना दाखवायची असेल तर हातातून सोडून द्या आणि दृश्य उलटं चालवा. मात्र त्या चौकटीत चालणारा माणूस, धूर किंवा पाणी नको. उलटेपणाची चुगली तेच करतात.

पहिला खर्डा झाला की पहिली 45 पानं तिघांना वाचायला द्या आणि एकच विचारा : मुलाची बाजू कुठल्या पानावर सोडलीत? उत्तर 30च्या आत आलं तर उणिवा कच्च्या आहेत. तिघांनी तीन वेगळी पानं सांगितली तर उत्तम, काही बदलू नका. तिघेही एकाच पानावर बोट ठेवत असतील तर तो प्रसंग फार मोठा झाला आहे. त्याचे दोन तुकडे करा आणि पहिल्यात कुणाला तरी हसू द्या.